जुनी होडी रंगवताना चित्राचा चिखल का होतो?

रेखाटन जमलेलं असतं. शाईची रेघ स्वच्छ उतरलेली असते. मग ब्रश पाण्यात बुडतो, आणि वीस मिनिटांत ती पोपडे उडालेली, निळी-तांबूस, देखणी होडी करड्या-तपकिरी गोळ्यासारखी दिसायला लागते. घर चांगलं येतं, झाड चांगलं येतं, घाटाच्या पायऱ्याही येतात. जुनी होडी मात्र दरवेळी हातातून जाते.

पंचगंगा घाटावर, रंकाळ्यावर किंवा नृसिंहवाडीला रविवारी सकाळी चित्रं काढायला बसणारे आम्ही पाच-सहा जण आहोत. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ आणि रंकाळ्याच्या काठची निसर्गचित्रं रंगवली. १९३१ साली ते गेले, पण पाण्याच्या काठी बसून रंगवायची सवय या गावाला राहिली आहे. आमच्यात हीच तक्रार सगळ्यात जास्त वेळा निघते. मला यातून बाहेर पडायला दोन पावसाळे लागले, कारण मी एकाच दुखण्यावर औषध शोधत होते आणि दुखणी होती चार.

म्हणून आधी चिखल नेमका कुठे झालाय ते पाहा. चित्र पूर्ण वाळू द्या आणि खिडकीजवळ उजेडात धरा. रेघांच्या दोन्ही बाजूंना करडी सावली पसरली असेल, तर दोष शाईचा. रंगात जागोजागी गडद ठिपके, टिपकागदावर पडल्यासारखे डाग असतील, तर कागद गेलाय. सगळीकडे सारखा तपकिरी-करडा रंग असेल, तर रंग लावण्याचा क्रम चुकला. आणि रंग स्वच्छ असूनही होडी कालच दुकानातून आणल्यासारखी दिसत असेल, तर गडबड रेघांमध्ये आहे.

शाई सुटते

फाउंटन पेनची नेहमीची निळी किंवा काळी शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते. ती कितीही दिवस वाळवली तरी पाणी लागल्यावर सुटणारच. बहुतेक जेल पेनही या कामाला भरवशाची नाहीत. जलरंगाखाली टिकतात ती पिगमेंट शाईची (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईची) पेनं, मायक्रॉन किंवा युनी पिन यांसारखी, आणि टाकाने, म्हणजे शाईत बुडवायच्या निबच्या पेनने, वापरायची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक.

यातला फरक समजून घ्यायला आपल्या पोथ्या उपयोगी पडतात. पोथीची काळी शाई काजळ आणि डिंकाची. काजळ म्हणजे कार्बन, तो उन्हाने उडत नाही, म्हणून शेकडो वर्षांची अक्षरं काळी राहतात. पण त्याला धरून ठेवणारा डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून भिजलेल्या पोथीची अक्षरं पसरतात. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकमध्ये असाच कार्बन लाखेने बांधलेला असतो. लाख वाळली की पाण्याला दाद देत नाही. मात्र हीच लाख फाउंटन पेनच्या जिभेत वाळली तर पेन कायमचं बसतं, म्हणून ती शाई टाकानेच किंवा बोरूनेच वापरायची.

आता यातली खरी मेख. बाटलीवर वॉटरप्रूफ लिहिलेलं असतानाही माझी शाई सुटायची, आणि ती पावसाळ्यातच सुटायची. जानेवारीत कोल्हापूरच्या कोरड्या हवेत जी रेघ पाच-सात मिनिटांत पक्की होते, तिला जुलैत अर्धा तासही पुरत नाही. बोटाला कोरडी लागते, आत ओली असते. त्यात जाड टाकाने मारलेली रेघ असेल तर तिच्या मधोमध शाईचा फुगवटा राहतो आणि तो सगळ्यात शेवटी वाळतो.

त्यामुळे नवी शाई किंवा नवा कागद आणला की एक पट्टी करा. त्याच कागदाच्या तुकड्यावर एक जाड आणि एक बारीक रेघ मारा, दहा मिनिटांनी तशीच दुसरी जोडी मारा, मग तिसरी, आणि आदल्या रात्रीची एक जोडी आधीच मारून ठेवलेली असू द्या. मग सगळ्यांवरून एकदाच ओला ब्रश फिरवा. कोणती रेघ टिकली ते तारखेसह पट्टीच्या मागे लिहा. माझ्याकडे अशा पट्ट्यांचा गठ्ठा आहे, आणि मे महिन्याची पट्टी ऑगस्टमध्ये कामाची नाही हे मी त्यातूनच शिकले.

पेन्सिलीचंही एक सांगायला हवं. शाईखालचं ग्राफाइट पुसायचं राहिलं, तर पिवळ्या रंगात मिसळून तो हिरवट, मळकट करतं. लोक दोष शाईला देतात. शाई पूर्ण वाळल्यावर मऊ खोडरबर हलक्या हाताने दाबून पेन्सिल टिपून घ्या. जोरात घासलं तर कागदाचा वरचा थर खरवडला जातो आणि तिथे रंग काळपट बसतो.

कागद गेलेला असतो

जलरंगाच्या कागदाला खळ दिलेली असते, तिला सायझिंग म्हणतात. तिच्यामुळे रंग काही काळ वर थांबतो, हलवता येतो, उचलता येतो. दमट हवेत महिनोन्महिने पडून राहिलेल्या कागदाची ही खळ मरते. माझा चांगला, महागाचा कागद पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात दोन पावसाळे राहिला होता. वरून पांढराशुभ्र होता, पण रंग टेकवताच टिपकागदासारखा पिऊन टाकायचा.

तपासणी सोपी आहे. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब थोडा वेळ फुगीर राहिला तर कागद जिवंत आहे. लगेच आत जाऊन मागे गडद डाग दिसला तर त्या कागदावर नुसती शाईची रेखाटनं करा, रंगाच्या नादी लागू नका. उरलेला चांगला कागद जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून भिंतीपासून लांब ठेवा. आणि पातळ कागदावर ओलं काम करत असाल तर तो बोर्डवर चारी बाजूंनी चिकटवून घ्या, नाहीतर तो फुगतो, खळग्यांत पाणी साचतं आणि सगळा रंग तिथेच जाऊन बसतो. ३०० जीएसएमच्या जाड कागदाच्या ए-फोर आकाराला सहसा चार क्लिपा पुरतात.

खरं दुखणं: सगळं एकदम लावणं

शाई बदलली, कागद बदलला, तरी माझी होडी मळकटच यायची. एकदा नृसिंहवाडीला घाटाच्या वरच्या अंगाला काढून ठेवलेली एक लाकडी होडी रंगवत होते. बाहेरून निळी, जागोजागी हिरवट, खिळ्यांखाली गंजाचे ओघळ, काठाशी उघडं पडलेलं करडं लाकूड. मी निळा लावला, तो ओला असतानाच त्यात हिरवा सोडला, गंजासाठी तांबूस-तपकिरी बर्न्ट सिएना सोडला, आणि नेहमीचा चिखल झाला. शेजारी जाळं सोडवत बसलेले मामा बराच वेळ बघत होते. ते म्हणाले, "ताई, ही होडी काय मुळातली निळी न्हाई. निळा आत्ता गेल्या साली दिला. त्याच्या आधी हिरवा हुता. त्याच्या आधी नुसतं तेल पाजल्यालं लाकूड. तुमी समदं एकदमच लावाय लागलायसा."

मला हवं होतं ते उत्तर हेच. होडीवर जे घडलं ते ज्या क्रमाने घडलं, त्याच क्रमाने ते कागदावर यायला हवं: लाकूड, मग जुना रंग, मग नवा रंग, मग ऊन-पाऊस, मग गंज. आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये कागद पूर्ण वाळलेला हवा.

चिखल होण्याचं कारण रंगांच्या स्वभावातच आहे. गंज नारिंगी, होडी निळी. हे दोन एकमेकांचे विरोधी रंग आहेत, ओले असताना मिसळले की एकमेकांना मारतात आणि करडा उरतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळून आपण मुद्दाम सुंदर करडा बनवतोच की. तोच करडा नको असताना, सगळ्या होडीभर तयार होतो. वर हिरव्यात पिवळा असतो, म्हणजे तिसराही आलाच.

आता मी असं करते. संपूर्ण होडीवर आधी लाकडाचा पातळ थर देते: मातकट पिवळा यलो ऑकर आणि कणभर बर्न्ट सिएना. तो वाळला की साधी पांढरी मेणबत्ती घेते आणि जिथे लाकूड उघडं दिसायचं आहे तिथे ती आडवी घासते. कागद खरबरीत असला तर मेण फक्त त्याच्या उंचवट्यांवर बसतं आणि पोपड्यांच्या कडा आपोआप तुटक, खऱ्या येतात. त्यावर हिरवा पातळ थर. मेण लागलेल्या जागी तो धरत नाही, खालचं लाकूड दिसत राहतं. तो वाळला की पुन्हा मेणबत्ती, आता जिथे हिरवा दिसायचा आहे तिथे. मग निळा. शेवटी निळ्याखालून हिरवा आणि हिरव्याखालून लाकूड डोकावतं, आणि एकाही जागी तीन रंग ओले भेटलेले नसतात.

मेणाच्या दोन अडचणी आहेत. ते काढता येत नाही, म्हणून घासण्याआधी दोनदा विचार करा. आणि मेणावर टाक चालत नाही, निब बसतं. त्या भागातल्या महत्त्वाच्या रेघा मेण लावण्याआधीच शाईने मारून घ्यायच्या.

वाळलं की नाही हे बोटाने बघू नका, बोटाचं तेल कागदाला लागतं. पंजाची मागची बाजू कागदाच्या अगदी जवळ न्या किंवा हलकेच टेकवा. गार वाटलं तर आत अजून ओल आहे. पावसाळ्यात हे थांबणं फार जिवावर येतं. मी दोन चित्रं शेजारी ठेवून आळीपाळीने रंगवते, म्हणजे हात रिकामा राहत नाही आणि वाळत्या चित्राला छेडलं जात नाही.

निळा कोणता घ्यायचा, हेही इथे महत्त्वाचं. शाळेच्या पेटीतला प्रशियन ब्लू कागदात शिरून बसतो, नंतर उचलता येत नाही. अल्ट्रामरीन तुलनेने सहज उचलला जातो आणि त्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसून उन्हाने विटलेल्या रंगासारखा रवाळपणा येतो. जुन्या होडीसाठी मला त्याच्यासारखा दुसरा निळा सापडलेला नाही. फिका करायला पांढरा मिसळू नका, पाणी वाढवा. पांढऱ्याने सगळे थर पिठूळ होतात. आणि पाण्याची दोन भांडी ठेवा, एक ब्रश धुवायला, दुसरं रंगात घ्यायला.

विटणं आणि गंजणं नीट पाहा

करडं लाकूड म्हणजे नुसता काळ्यात पाणी घातलेला करडा नाही. लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारा पदार्थ, उन्हाने तुटतं, पावसाने धुऊन जातं आणि वर चंदेरी करडे तंतू उरतात. म्हणून हा रंग जिथे ऊन-पाऊस थेट लागतो तिथेच असतो: काठाच्या वरच्या बाजूला, आडव्या फळीवर, उलटी ठेवलेली होडी असेल तर तळावर. काठाच्या खालच्या सावलीत लाकूड अजून तपकिरी असतं. हा एक फरक दाखवला तरी होडीला वय येतं. लाकडातला मऊ भाग आधी झिजतो आणि कठीण रेषा वर उरतात, त्यासाठी जवळजवळ कोरडा ब्रश फळीच्या लांबीच्या दिशेने ओढा, आडवा कधीच नाही.

रंगाचे पोपडे मन मानेल तिथे निघत नाहीत. फळ्यांच्या सांध्यांशी, फळी संपते त्या टोकांशी, खिळ्यांभोवती आणि दोर घासतो त्या काठावर निघतात, कारण पाणी तिथूनच आत जातं. फळीच्या मधोमध नक्षीसारखे पोपडे काढले की ते खोटे दिसतात.

आणि खिळे! हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. खिळ्याभोवती बहुतेक वेळा दोन वेगळे डाग असतात. लगतचा निळसर-काळा, आणि खाली ओघळलेला तांबूस. तांबूस म्हणजे गंज, हे सगळ्यांना माहीत आहे. काळा कसला? सागासारख्या लाकडात टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. ओल आली की लोखंड आणि टॅनिन मिळून काळा पदार्थ बनवतात. हिरडा आणि हिराकस यांची जी काळी शाई आपल्याकडे करत, तिच्यातही हेच घडतं: हिरड्याचं टॅनिन, हिराकशीतलं लोखंड. म्हणजे होडीच्या प्रत्येक खिळ्याभोवती लाकडाने स्वतःच शाई केलेली असते. तो काळा मी रंगाने न करता पातळ केलेल्या शाईनेच करते, आणि मग खाली बर्न्ट सिएनाचा थेंब सोडून ओल्या ब्रशने ओढते. जिथे गंज तेजस्वी हवा तिथे निळा लागूच द्यायचा नाही, आधी मेणाने राखायचा किंवा निळा उचलून जागा करायची.

गंज कोणत्या दिशेने ओघळला तेही बघा. होडी पाण्यात असताना ओघळ आला असेल तर तो तिच्या काठापासून तळाकडे सरळ जातो, आणि आता होडी कलंडलेली असली तर तो आपल्याला तिरका दिसतो. वर्षानुवर्षं नदीकाठावर कलंडून पडली असेल तर ओघळ जमिनीकडे सरळ असतात. एकाच होडीवर दोन दिशांचे ओघळ मी पाहिलेत, ती आधी पाण्यात झिजली आणि मग नदीकाठावर. पाण्याच्या पातळीची शेवाळी रेघही होडीबरोबर कलते. ती जमिनीला समांतर काढली तर होडी पुरात बुडतेय असं वाटतं.

गंजाचा सराव करायला होडीच हवी असं नाही. आपल्याकडे गुऱ्हाळाबाहेर जुनी काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई, उलटी पडलेली असते. पुरात हीच काहील कित्येक गावांत होडी म्हणून चालते, तेव्हा विषय सोडून गेल्यासारखंही होत नाही. एक सकाळ फक्त तिच्या कडेचा गंज रंगवा.

मीठ टाकून खरबरीतपणा आणायची युक्ती मी पावसाळ्यात बंद केली आहे. दमट मीठ रंग नीट ओढत नाही, आणि त्याचा कण कागदात राहिला तर तो पुढेही ओल धरत राहतो.

रेघा फार होतात

रंग सुधारल्यावरही होडी खोक्यासारखी दिसत असेल, तर फळ्यांच्या रेघा मोजा. मी पूर्वी प्रत्येक सांधा एका जाडीच्या रेघेने नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत ओढायचे. फळ्या मध्यावर रुंद असतात आणि नाळेकडे निमुळत्या होत एकत्र येतात. त्या समांतर काढल्या की होडीचं पोट जातं. आणि प्रत्येक सांधा काळा नसतो. पूर ओसरल्यावर सांध्यांत गाळ बसून वाळतो, तो लाकडापेक्षा उजळ असतो. तिथे काळी रेघ मारणं म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं नाकारणं.

शाई मी आता दोनदा वापरते. रंगाआधी थोडी: काठाची वक्ररेषा, नाळ, चार-दोन खिळे, तळाजवळचा एखादा सांधा. रंग पूर्ण वाळल्यावर उरलेली, आणि तीही सावलीच्या बाजूला. पोपड्याच्या कडेला, उजेडाच्या उलट बाजूने, केसाएवढी रेघ दिली की रंगाला जाडी येते. दोन्ही बाजूंनी दिली की तो नकाशातल्या बेटासारखा दिसतो. या दुसऱ्या फेरीला बोरू फार छान चालतो. त्यात शाई कमी राहते, खरबरीत कागदावर रेघ मध्येच तुटते, आणि तुटलेली रेघ जुन्या लाकडाला शोभते. निब टोकदार असेल तर मेण लावलेल्या जागेपासून लांब ठेवा.

चित्र आधीच चिखल झालं असेल तर

ते फाडू नका. रात्रभर वाळू द्या. सकाळी चपटा ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवून पिळून घ्या, फळीच्या दिशेने एकदाच ओढा आणि लगेच जुन्या सुती कापडाने टिपा. घासू नका. अल्ट्रामरीन असेल तर फळीभर उजेड परत येतो, प्रशियन असेल तर फारसा येणार नाही, मग त्या भागाला सावलीत ढकला. तीन-चार जागी असा रंग उचलला की ते चित्र पुन्हा अर्धा दिवस वाळू द्या. मग गंजाचे दोन ओघळ, तेही उचललेल्या उजळ जागीच. काठावर ऊन दाखवायला पांढरा पोस्टर कलर घट्ट, जवळजवळ पाण्याशिवाय, एका कोरड्या फटकाऱ्यात. होडीखालची सावली गडद करा, ती जमिनीला टेकलेली दिसू लागते. मग शाई, आणि ती होडीच्या आतल्या अंधारात, पुढच्या काठाच्या खाली, जिथे बरगड्या दिसेनाशा होतात तिथे.